नॅरोबोटवरचं जुनं डिझेल इंजिन: पहिल्या हँडलपासून थंडीतल्या विश्रांतीपर्यंत

आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत साताऱ्याच्या कूपरचं इंजिन होतं. गिरणीवाले काका दळणाची रांग कितीही लांब असली तरी आधी फ्लायव्हील हाताने दोनदा सावकाश फिरवून बघायचे, बुधलीने तेल घालायचे आणि मगच हँडल मारायचे. त्या दोन फेऱ्या कशासाठी, हे मला इंग्लंडच्या कालव्यावर स्वतःची बोट घेतल्यानंतर पहिल्या पावसाळी शरद ऋतूत कळलं. ती गोष्ट पुढे येईलच.

इंग्लंडमधली आपली बरीच मंडळी हल्ली सुट्टीत नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांवरची लांब, चिंचोळी बोट, भाड्याने घेतात. काही जण विकतही घेतात. जुनं इंजिन असलेली बोट पाहिली की तिच्या संथ ठोक्यांनी माणूस भुलतो, पण ते इंजिन गाडीसारखं किल्ली फिरवून निघून जाण्याचं यंत्र नाही. पहिल्यांदाच अशी बोट हाताळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी आपलं इंजिन ओळखा

नॅरोबोटची रुंदी 6 फूट 10 इंच असते, कारण जुन्या अरुंद कालव्यांवरची लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे कप्पे) साधारण 7 फुटांचीच आहेत. पूर्वी या बोटी घोडे ओढत. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मालवाहू कंपनीने 1912 पासून स्वीडनची बोलिंडर इंजिनं बसवायला सुरुवात केली. 1930 च्या दशकात ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिंग कंपनीच्या बोटींमध्ये रसेल न्यूबेरी आणि नॅशनलची दोन सिलिंडरची डिझेल इंजिनं आली. त्याशिवाय डर्सलीचं लिस्टर, मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टचं गार्डनर आणि ग्लासगोचं केल्व्हिन ही नावं तुम्हाला वारंवार ऐकू येतील.

नाव का विचारायचं? कारण सुरू करण्याची रीत प्रत्येकाची निराळी. बोलिंडर हे खरं तर अर्ध-डिझेल. त्याच्या डोक्यावरचा गोळा आधी ब्लोलॅम्पने तापवावा लागतो. केल्व्हिनची के मालिका पेट्रोलवर सुरू होते आणि मग डिझेलवर वळते. या दोघांच्या वाटेला जाणकार सोबत असल्याशिवाय जाऊ नका. खाली सांगितलेली रीत लिस्टर, रसेल न्यूबेरी, नॅशनल, गार्डनर अशा डिकॉम्प्रेशन लिव्हर असलेल्या इंजिनांची आहे. हा लिव्हर उघडला की सिलिंडरची झडप उघडी राहते आणि फ्लायव्हील हलकं फिरतं, पाडला की सिलिंडरमध्ये दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, तयार होतो. इंजिनावरच्या पितळी पट्टीवरून मॉडेल आणि नंबर टिपून घ्या आणि त्याच मॉडेलचं मॅन्युअल मिळवा.

लिस्टरची ठेवण पाहून तुम्हाला गावची आठवण येईल, आणि ती उगाच नाही. लिस्टरच्या सीएस इंजिनाच्या बरहुकूम राजकोटच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं इंजिनं बनवली आणि ती परदेशातही गेली. परदेशातले शौकीन त्यांना ‘लिस्टरॉइड’ म्हणतात. सीएस म्हणजे ‘कोल्ड स्टार्ट’: ब्लोलॅम्प न लावता, थंड असतानाच सुरू होणारं. विहिरीवर, गुऱ्हाळात किंवा गिरणीत ज्याने हँडल मारलंय, त्याला अर्धी विद्या येतेच.

हात लावण्यापूर्वी

ओढणी, मफलर, कोटाची लोंबणारी दोरी, मोकळे केस, सैल बाही यातलं काहीही इंजिनरूममध्ये नको. या इंजिनांचं फ्लायव्हील आणि पट्टे बहुधा उघडेच असतात, आणि फ्लायव्हील जड असल्यामुळे डिझेल बंद केल्यावरही ते लगेच थांबत नाही. अंगठीही काढून ठेवा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. तुमच्या झोपायच्या खोलीला लागूनच इंजिन आहे हे विसरू नका. 2019 च्या एप्रिलपासून बोट सेफ्टी स्कीमच्या, म्हणजे बोटींच्या सुरक्षिततेच्या, तपासणीत या वायूचा अलार्म असणं सक्तीचं आहे. तो नुसता असून भागत नाही, आठवड्याला बटण दाबून वाजवून बघा. धुराच्या नळकांड्याच्या जोडांवर काजळीची रेघ दिसली तर तिथून धूर आत येतोय असं समजा आणि आधी तो जोड दुरुस्त करा.

त्या नळकांड्याला गुंडाळलेलं जुनं, पांढुरकं, भुगा होणारं आवरण असेल तर ते खरवडू नका. जुन्या आवरणात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते तपासणं आणि काढणं हे परवानाधारक माणसाचं काम आहे.

रोज सकाळी

मी रोज याच क्रमाने जातो. पाच-सात मिनिटं लागतात.

सुरुवात तेलापासून. डिपस्टिक पुसून, पुन्हा घालून पातळी बघा. पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. तेलात डिझेल किंवा पाणी उतरलेलं असू शकतं, आणि तेल दुधाळ दिसत असेल तर पाणी नक्की. मग रॉकर आणि पुश रॉडच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्यांच्या) टोकांवर बुधलीने दोन-दोन थेंब. काही इंजिनांत तिथे तेल आपोआप पोचतं, काहींत ते तुम्हालाच द्यावं लागतं. मॅन्युअलमध्ये जितकी तेलाची भोकं दाखवली आहेत तितकी मोजून काढा आणि तेल घालताना तोच आकडा मनात ठेवा.

बऱ्याच जुन्या बोटींत इंजिनरूमच्या वरच्या बाजूला छोटी डे-टँक असते. मोठ्या टाकीतलं डिझेल हातपंपाने तिच्यात चढवायचं आणि तिथून ते आपल्या वजनाने खाली उतरतं. ती रिकामी राहिली तर लाइन एअर धरते आणि पुढचा तास एअर काढण्यात जातो.

पाणी दोन प्रकारे येतं. कुठे बोटीच्या पत्र्याला आतून लावलेल्या टाकीत तेच पाणी फिरत राहतं आणि बाहेरच्या कालव्याने थंड होतं. तिथे नुसती पातळी बघायची. कुठे कालव्याचं पाणीच थेट आत येतं. तिथे जाळी आणि मड बॉक्समधला पालापाचोळा रोज काढायचा. शरद ऋतूत दिवसातून दोनदाही काढावा लागतो.

प्रोपेलरच्या वरची वीड हॅच, म्हणजे पंख्यात अडकलेलं गवत, दोरी, प्लॅस्टिक काढायची झडप, नीट आवळलेली आहे का हे हाताने दाबून बघा. नजरेवर भरवसा नको. झडप सैल राहिली तर प्रोपेलरने उसळलेलं पाणी आत येतं, आणि अशा प्रकाराने बोटी बुडाल्या आहेत.

शेवटी त्या दोन फेऱ्या. दोन्ही डिकॉम्प्रेशन लिव्हर उघडून फ्लायव्हील हाताने सावकाश दोनदा पूर्ण फिरवा. पहिल्या वर्षी मी हे टाळलं होतं. रात्रभर पाऊस पडला होता, उभ्या नळकांड्यावर झाकण नव्हतं आणि पाणी थेट सिलिंडरपर्यंत उतरलं होतं. मी लिव्हर पाडला आणि फ्लायव्हील भिंतीला धडकल्यासारखं जागच्या जागी थांबलं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे अशा वेळी कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. माझा वाचला, कारण हँडल हाताने मारत होतो आणि वेग कमी होता. स्टार्टर मोटर असती तर तो वाचला नसता. फिरवताना हाताला कुठेही अडथळा लागला तर तिथेच थांबा आणि कारण शोधा.

हँडल मारणं

1. गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा. जुन्या पद्धतीच्या बोटीत स्टिअरिंगच्या जागी छताखाली दोन पितळी चाकं असतात, एक वेगाचं आणि एक गिअरचं. गिअरचं चाक बऱ्याच फेऱ्यांचं असतं, त्यामुळे ते न्यूट्रलमध्ये असल्याचा भास सहज होतो. इंजिनरूममध्ये जाऊन गिअरबॉक्सचा दांडा डोळ्यांनी बघा.

2. डिझेलचा कॉक उघडा, वेगाचं चाक थोडं उघडं ठेवा. इंजिनाला जादा डिझेलची खिट्टी असेल तर ती सुरू करण्याच्या जागी आणा.

3. इंजेक्शन पंपाचे छोटे दांडे हाताने दाबून नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या तोंडापर्यंत, डिझेल पोचवा. डिझेल पोचलं की नोझल कर्र-कर्र बोलतं. हा आवाज ओळखायला शिका, कारण डिझेल आत पोचल्याची याहून चांगली खूण नाही. पाच-सहा दाब पुरेत. जास्त दाबलंत तर डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं आणि कॉम्प्रेशन उलट कमी होतं.

4. दोन्ही लिव्हर उघडे ठेवून हँडल शाफ्टवर चढवा. शाफ्टला आधी ग्रीसचं बोट फिरवलेलं असू द्या. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीसारखा उलट गुंडाळू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मोकळी बोटं निसटतात, गुंडाळलेला अंगठा मोडतो.

5. पाय पक्के रोवून फिरवायला लागा. पहिल्या तीन-चार फेऱ्या संथ, मग वेग वाढवत न्या. जोर दंडात नको, कमरेतून येऊ द्या. फ्लायव्हील स्वतःच हात ओढायला लागलं की वेग पुरेसा झाला.

6. आता एकच लिव्हर पाडा, आणि फिरवणं थांबवू नका. नवखे नेमके इथे चुकतात: लिव्हर पाडला की आपसूक हात ढिला पडतो आणि इंजिन कॉम्प्रेशनवर अडकतं. पहिला ठोका येईपर्यंत फिरवत राहा. सिलिंडरने पकडलं की हँडल शाफ्टवरून सुटतं. ते घट्ट धरून सरळ बाहेर ओढून घ्या.

7. ठोके सलग पडायला लागले की दुसरा लिव्हर पाडा आणि जादा डिझेलची खिट्टी जागेवर आणा.

एक गोष्ट काळजात कोरून ठेवा. इंजिन सुरू झालं आणि हँडल शाफ्टवरच अडकून गरगरायला लागलं, तर ते पकडायला जाऊ नका. बाजूला व्हा, त्याच्या रेषेत उभे राहू नका आणि डिझेल बंद करा. अशा सुटलेल्या हँडलने माणसं मेली आहेत.

स्टार्टर मोटर असली तरीही लिव्हर उघडून सुरुवात करा, वेग आला की पाडा. बटण दहा सेकंदांहून जास्त दाबून धरू नका. थंडीत सुरू होत नाही म्हणून हवा ओढायच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारणारे भेटतील. आपल्याकडे पेटता बोळाही धरतात. बोटीवर पेटता बोळा म्हणजे आगीला आमंत्रण, आणि ईथरचा अकाली स्फोट पिस्टन आणि रिंगा फोडतो. जुनं इंजिन थंडीत सुरू होत नसेल तर कॉम्प्रेशन, नोझल किंवा एअर यांपैकी कशाची तरी तक्रार असते. ती दूर करा.

सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं

डोळे आधी तेलाच्या दाबाच्या काट्याकडे. काटा काही सेकंदांत वर आला नाही तर इंजिन बंद. मग पाणी: कालव्याचं पाणी थेट घेणाऱ्या इंजिनात ते बोटीच्या बाजूने बाहेर पडताना दिसलं पाहिजे.

धूर बरंच सांगतो. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. इंजिन तापलं की तो जायला हवा. तापूनही राहिला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन तपासा. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे इंजिनाला झेपत नाही इतकं काम किंवा हवा कमी, आणि कालव्यावर त्याचं नेहमीचं कारण प्रोपेलरला गुंडाळलेली दोरी किंवा प्लॅस्टिकची पिशवी.

संथ ठोके कितीही गोड वाटले तरी बांधून ठेवलेल्या बोटीत इंजिन तासन्‌तास रिकामं चालवू नका. बिनओझ्याचं इंजिन नीट तापत नाही, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत काचेसारख्या होतात, रिंगा बसत नाहीत आणि तेल वर चढायला लागतं. थोडं गरम झालं की निघा. ओझं हेच या इंजिनाचं औषध. शिवाय रात्री 8 ते सकाळी 8 या वेळात बांधलेल्या बोटीत, इतर बोटी किंवा घरांजवळ इंजिन चालवायचं नाही, असा कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचा नियम आहे.

सुरू झालंच नाही तर

बहुतेक वेळा लाइनमध्ये एअर असते. टाकीकडून इंजिनाकडे, या दिशेने जा. आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा. बुडबुडे येतील, ते थांबून सलग धार लागली की आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी नोझलकडच्या पाइपाचा नट सैल करून पंपाचा दांडा दाबा. तिथेही एअर गेली की नट आवळा आणि कर्र-कर्र आवाजाची वाट बघा. तांब्याचे वॉशर दरवेळी नवे वापरा. जुना वॉशर तिथूनच पुन्हा हवा ओढतो आणि तुम्ही दिवसभर एअर काढत बसता.

नोझल बाहेर काढून फवारा तपासताना हात त्याच्यासमोर कधीही नेऊ नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं मांस सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक इस्पितळ गाठा.

चालवताना आणि थांबताना

कालव्यावर वेगमर्यादा ताशी 4 मैल. बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर लाटेने त्यांचे खुंटे उपसतात. या इंजिनांना पुढून मागच्या गिअरमध्ये जायला वेळ लागतो. पितळी चाकाच्या फेऱ्या मोजून आधीच सुरुवात करावी लागते. पहिल्या दिवशी लॉकमध्ये शिरताना तुम्हाला वाटेल त्याच्या दुप्पट अंतरावर वेग कमी करा.

प्रोपेलरचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडला दिवसाच्या शेवटी ग्रीसचं चाक फिरवून ग्रीस द्या, हाताला जोर लागेपर्यंत. चालताना तिथून मधूनमधून थेंब पडणं ठीक, धार लागणं नाही. धार लागली म्हणून पॅकिंग घाईने करकचून आवळलंत तर शाफ्ट तापतो आणि खाचतो. दोन्ही नट सारखेच, पाव-पाव फेरीने आवळा.

बंद करताना आधी दोन-तीन मिनिटं बिनओझ्याचं हळू चालू द्या, मग डिझेल तोडणारा दांडा ओढा. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून इंजिन बंद करायची सवय बऱ्याच जणांना असते. ती लावून घेऊ नका. डिझेल आत जातच राहतं, जळत नाही, आणि धावत्या इंजिनात झडपा अर्धवट उघड्या धरल्याने लिव्हर आणि पुश रॉडवर नको तो मार बसतो. इंजिन पूर्ण थांबल्यावर लिव्हर उघडे ठेवा, सकाळी हाताने फिरवायला तयार.

तेल आणि डिझेल

महागडं सिंथेटिक तेल घालून इंजिनाचं भलं होईल असं वाटतं, पण होत नाही. बऱ्याच जुन्या इंजिनांत कागदी फिल्टर नसतो, जाळी असते. आधुनिक तेलातलं डिटर्जंट काजळी तरंगती ठेवतं. फिल्टर असता तर ती पकडली गेली असती, इथे ती बेअरिंगमधून फिरत राहते. साधं, कमी डिटर्जंटचं एसएई 30 तेल घ्या आणि ते वेळेवर बदला. मी 100 तासांनी बदलतो. इंजिन गरम असताना, जुनं तेल काळं असो नसो. ते डब्यात भरून पुनर्वापर केंद्रात द्या. इंजिनाखालचा ट्रे कोरडा ठेवा आणि पाणी उपसायचा स्वयंचलित पंप त्या भागात कधीच बसवू नका, नाहीतर तेल थेट कालव्यात जाईल. बदकं त्याच पाण्यावर जगतात.

लाल डिझेल, म्हणजे कमी कराचं, लाल रंग घातलेलं डिझेल, खासगी बोटींना इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये अजून मिळतं, मात्र बोट चालवण्यासाठी वापराल त्या हिश्शावर पूर्ण कर लागतो. त्यात बायोडिझेलचा अंश असेल तर ते पाणी ओढून घेतं, आणि टाकीच्या तळाशी पाणी साचलं की त्यात बुरशीचा चिकट गाळ वाढतो आणि फिल्टर बुजवतो. तळाचं पाणी दर काही महिन्यांनी काढा.

टॅपेटचं, म्हणजे झडप आणि रॉकरमधलं, अंतर वर्षातून एकदा, थंड इंजिनावर, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे फिलर गेजने बघा. बोटीवर एक जादा नोझल, तांब्याचे वॉशर, पट्टे आणि फिल्टर ठेवा. शिकायचं असेल तर चेशायरमधल्या पॉइंटनचं अॅन्सन इंजिन म्युझियम किंवा जूनमध्ये ब्राउनस्टनला भरणारा जुन्या बोटींचा मेळा गाठा. तिथले म्हातारे मालक मनापासून सांगतात, फक्त आपण विचारायचं आणि ऐकायचं.

थंडी आली की

कालव्याचं पाणी थेट घेणाऱ्या इंजिनातून दंव पडण्यापूर्वी पाणी पूर्ण काढा, पंपातलं आणि ब्लॉकच्या तळातलं सुद्धा. कॉक उघडूनही पाणी आलं नाही तर ते संपलं असं समजू नका. भोक गाळाने बुजलेलं असतं, तार घालून मोकळं करा. आत गोठलेलं पाणी बीडाचा ब्लॉक चिरतं आणि तसा ब्लॉक आता सहज मिळत नाही. बंद फेऱ्याचं पाणी असेल तर अँटिफ्रीझ घाला. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी होतं. तेल थंडीआधी बदला, थंडीनंतर नव्हे. जुन्या तेलातली आम्लं चार महिने बेअरिंगवर बसून राहायला नकोत.

मग महिन्यातून एकदा बोटीवर जा, लिव्हर उघडे ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबवा, म्हणजे पिस्टन एकाच ठिकाणी चिकटणार नाहीत. हँडल पुसून, तेलाचा हात फिरवून खुंटीला लावा. आणि निघताना नळकांड्यावर पत्र्याचा रिकामा डबा उपडा घाला. माझा टोमॅटोचा आहे.